गेटसमोरची जागा कोणाची?

वाचकाचे पत्र

‘मी आमच्या गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे. आमची इमारत दादर पश्चिमेला, शिवाजी पार्कपासून पाच मिनिटांवर, एका अरुंद गल्लीत आहे. अठरा सदनिका, एकच गेट आणि स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, सात गाड्यांची जागा. गल्लीच्या टोकाला मंगल कार्यालय असल्यामुळे लग्नसराईत वऱ्हाडी मंडळींच्या गाड्या थेट आमच्या गेटला टेकून उभ्या राहतात. माझ्या सासूबाईंना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी न्यावे लागते. गेल्या महिन्यात एका सकाळी गेटसमोर अशीच एक गाडी होती. मालकाचा पत्ता लागत नाही म्हटल्यावर आमच्या वॉचमनने संतापून तिच्या दोन चाकांची हवा सोडली. पाऊण तासाने मालक आला, पण तेव्हा गाडी हलेना आणि आम्हाला टॅक्सीने जावे लागले. आता तो मालक पोलिसांत तक्रार करण्याची भाषा करतो आहे. त्यानंतर कमिटीने गेटच्या बाहेर रस्त्यावर सिमेंट भरलेल्या कुंड्या ठेवून त्यांना साखळी लावली. त्यातच आमचे एक सभासद रोज रात्री स्वतःची गाडी गेटला आडवी लावतात आणि “आपलेच गेट आहे, किल्ली वॉचमनकडे आहे” असे सांगतात. शेजारच्या सोसायटीतले एक गृहस्थ म्हणतात की गेट अडवणाऱ्याला तेवीस हजार रुपये दंड होतो. कायदा नक्की काय आहे, आणि “गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल” ही आमची पाटी ठेवावी की काढावी?’

उत्तर

सचिव महोदया,

आपल्या सासूबाईंना त्या सकाळी झालेला त्रास वाचून वाईट वाटले, आणि वॉचमनचा राग समजण्यासारखा आहे. तरीही आपल्या पत्रातील एक वाक्य मी दोनदा वाचले. मालक आला तेव्हा गाडी हलेना, असे आपण लिहिले आहे. ज्या गाडीने तिथून लवकरात लवकर जावे अशी आपली इच्छा होती, तीच गाडी हवा सोडल्यामुळे तिथे खिळून बसली. कायद्याचा विचार बाजूला ठेवला तरी हा उपाय आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारा आहे. कायद्याच्या दृष्टीने तर तो थेट आपल्या अंगाशी येतो. दुसऱ्याच्या मालमत्तेची उपयुक्तता हेतुपुरस्सर कमी करणे याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये ‘आगळीक’ म्हटले आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. समोरच्याने आधी नियम मोडला होता, हे सांगून त्यातून सुटका होत नाही. मुंबईतल्या शेकडो गेटांवर हवा सोडण्याची धमकी देणारी पाटी झळकते म्हणून ती कायदेशीर ठरत नाही. उलट, वाद पोलीस ठाण्यात गेला तर संस्थेचा हेतू आधीपासून काय होता, याचा लेखी पुरावा म्हणून तीच पाटी पुढे येऊ शकते. तेव्हा ती काढावी. तिच्या जागी काय लिहावे, ते शेवटी सांगतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गेटसमोरची जागा आपल्या संस्थेची नाही. गेटच्या बाहेरचा पदपथ आणि रस्ता महानगरपालिकेचा आहे. आपला आहे तो त्या जागेवरून आत-बाहेर जाण्याचा मार्ग. हा फरक वरवर शाब्दिक वाटतो, पण आपल्या पत्रातील जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्यातून निघते. मार्ग आपला असल्यामुळे तो अडवणाऱ्याला हटवण्याची मागणी आपण हक्काने करू शकता. जागा आपली नसल्यामुळे तिथे कुंडी ठेवता येत नाही, साखळी लावता येत नाही आणि आपल्याच सभासदाची गाडीही उभी करता येत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ नुसार सार्वजनिक ठिकाणी इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने वाहन उभे ठेवण्यास मनाई आहे. ही मनाई वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याला उद्देशून असल्यामुळे, ‘ड्रायव्हर आत बसला आहे, म्हणजे हे पार्किंग नव्हे’ हा मुंबईत सर्रास ऐकू येणारा युक्तिवाद फारसा टिकत नाही. ड्रायव्हर आत असूनही गाडी हलत नसेल, तर अडथळा तेवढाच राहतो. प्रवेशद्वाराचा उल्लेख तर केंद्राच्या नियमांत स्वतंत्रपणे आहे. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांनी बसथांबा, शाळा आणि रुग्णालयाचे दार यांच्या जोडीनेच कोणत्याही वास्तूचे प्रवेशद्वार किंवा आगीच्या बंबासाठीचा नळ अडवून वाहन उभे करण्यास बंदी घातली होती, आणि २०१७ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या वाहनचालन विनियमांतही प्रवेशद्वारासमोरची ही बंदी कायम राहिली. याचा व्यावहारिक अर्थ असा की गेटसमोर ‘नो पार्किंग’ची पाटी नसली तरी तिथे गाडी लावता येत नाही. संस्थेने रंगवून घेतलेली पाटी ही केवळ आठवण असते, नियम तिच्या आधीपासूनच तिथे असतो. म्हणून ‘इथे पोलिसांची पाटी कुठे आहे?’ असे कोणी विचारले तर गोंधळून जाऊ नये.

दंडाच्या रकमेबाबत आपल्या शेजाऱ्यांचा थोडा घोटाळा झाला आहे. तेवीस हजारांचा आकडा त्यांनी हवेतून काढलेला नाही, पण तो वेगळ्या प्रसंगाचा आहे. जुलै २०१९ मध्ये महापालिकेने २६ सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा गाड्या लावणाऱ्यांसाठी ५,००० ते २३,२५० रुपयांपर्यंतचा दंड जाहीर केला होता. त्यातला वरचा आकडा अवजड वाहनांसाठी आणि उशिराचा आकार धरून होता. गेट अडवणाऱ्या गाडीला एरवी लागू होते ते मोटार वाहन अधिनियमाचे कलम १७७. त्यानुसार पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड होतो. गाडी उचलून नेली तर तो खर्च मालकाच्या माथी वेगळा पडतो. याखेरीज सार्वजनिक वाटेत अडथळा आणल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. वऱ्हाडी मंडळींना तेवीस हजारांची भीती घालू नका. खोटी धमकी एकदा उघडी पडली की खऱ्या नियमालाही कोणी किंमत देत नाही.

गाडी उचलण्याचा किंवा तिच्या चाकाला जॅमर लावण्याचा अधिकार कोणाला आहे, हेही या ओघात सांगतो, कारण दादरमध्ये आणि पार्ल्यात अनेक संस्थांनी बाजारातून जॅमर विकत आणून ठेवलेले मी पाहिले आहेत. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे रस्त्यावरचे वाहन हटवण्याचा किंवा जागीच जखडण्याचा आदेश गणवेशातील पोलीस अधिकारी देतो. संस्थेच्या वॉचमनने रस्त्यावरच्या गाडीला जॅमर लावणे हे हवा सोडण्याइतकेच अंगलट येऊ शकते, आणि त्यातही गाडी आपल्याच दारात अडकून राहते ती राहतेच. म्हणून टोइंगची गाडी बोलवायची असेल तर ती वाहतूक पोलिसांमार्फतच बोलवावी. आपला भाग दादर वाहतूक विभागाकडे येतो. त्यांच्या चौकीचा क्रमांक वॉचमनच्या केबिनमध्ये भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. रुग्णाला न्यायचे आहे आणि वाट बंद आहे, अशी वेळ आली तर संकोच न करता ११२ वर फोन करा आणि पहिल्याच वाक्यात रुग्णाचा उल्लेख करा. फोन लागेपर्यंत एकाने छायाचित्र काढावे. गाडीचा क्रमांक, आपले गेट आणि इमारतीचे नाव एकाच चौकटीत यावे. असे छायाचित्र ई-चलानसाठी उपयोगी पडते, शिवाय पुढे कोणी उलट तक्रार केलीच तर आपली बाजू तेच सांगते. मात्र ते छायाचित्र शिव्याशापांसह गल्लीतल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप गटावर फिरवू नये.

कुंड्यांविषयी मला कठोर बोलावे लागेल. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३१२ आणि ३१३ नुसार रस्त्यावर किंवा पदपथावर परवानगीशिवाय अडथळा उभारता किंवा वस्तू ठेवता येत नाही, आणि असा अडथळा पूर्वसूचना न देता काढून टाकण्याचा अधिकार कलम ३१४ ने आयुक्तांना दिला आहे. आपल्या कुंड्या गेटच्या तोंडावर नसून बाजूंना असल्या, तरी त्या जेवढा रस्ता अडवतात तेवढी कोणा तिऱ्हाइताची गाडी उभी करण्याची कायदेशीर जागा आपण बळकावलेली असते. रात्री अंधारात एखादा स्कूटरस्वार त्या साखळीत अडकून पडला, तर जबाबदारी कमिटीवर येईल. आणि एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटली असावी. रुग्णवाहिकेला अरुंद गल्लीतून गेटमध्ये वळायचे असेल, तर गेटच्या रुंदीपेक्षा बरीच जास्त मोकळी जागा लागते. म्हणजे सासूबाईंसाठी ठेवलेल्या कुंड्याच एखाद्या दिवशी सासूबाईंच्या आड येतील. त्या आजच आत घ्या. त्याऐवजी संस्थेच्या लेटरहेडवर दोन अर्ज करा. एक वाहतूक पोलिसांकडे, गेटसमोर अधिकृत फलक आणि रस्त्यावर पट्टे मिळावेत म्हणून. दुसरा महापालिकेच्या जी उत्तर विभाग कार्यालयाकडे, गेटसमोरच्या पदपथाचा उतार नीट करून मिळावा म्हणून, कारण उतार स्पष्ट दिसला की इथे गाड्यांची ये-जा आहे हे परक्या माणसालाही कळते. दोन्ही अर्जांत डायलिसिसच्या रुग्णाचा उल्लेख करा आणि पोचपावती जपून ठेवा. कामाला वेळ लागेल, पाठपुरावाही करावा लागेल.

वळायला जागा लागते, हा मुद्दा गाडी लावणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. ‘तुमच्या गेटसमोर कुठे, बाजूला तर लावली आहे,’ असे म्हणणारा माणूस पुष्कळदा खोटे बोलत नसतो. त्याने खांबापासून वीतभर अंतर सोडलेले असते, आणि गल्ली रुंद असती तर तेवढे पुरलेही असते. आपल्यासारख्या गल्लीत मात्र गेटच्या बरोबर समोर, पलीकडच्या बाजूला लावलेली गाडीसुद्धा बाहेर पडणाऱ्याला अडवते. अशा वेळी कायद्याचे कलम ऐकवण्यापेक्षा त्या गृहस्थांना आपल्या गाडीत बसवून एकदा बाहेर काढून दाखवायला सांगावे. हा प्रयोग मी एकदा केला होता. तिसऱ्या प्रयत्नात ते स्वतःच उतरले आणि आपली गाडी पुढे घेऊन गेले. दुचाकीवाल्यांची गोष्ट याहून निराळी आहे. ‘बाइकच तर आहे, सरकवा’ असे म्हणणारा माणूस हँडल लॉक करून गेलेला असतो.

आपल्या सभासदांचा प्रश्न मला वऱ्हाडींच्या गाड्यांपेक्षा अधिक गंभीर वाटतो, कारण बाहेरच्यांना नियम सांगण्याचे आपले तोंड तिथेच बंद होते. ‘आपले गेट’ या शब्दांत अठरा कुटुंबे येतात, आणि उरलेल्या सतरांचा मार्ग अडवण्याची मुभा एकाला मिळत नाही. रात्री वर्दळ नसते, हे खरे. पण आग, हृदयविकार आणि बाळंतपण यांनी रात्र निवडू नये असा नियम नाही, आणि १०१ वर फोन केल्यावर बंब गल्लीच्या तोंडाशी येऊन गेटपाशी थांबला, तर कोणालाच परवडणार नाही. किल्लीचा मुद्दा तर त्यांच्यावरच उलटतो. वॉचमनकडे मोटार चालवण्याचा परवाना आहे का, हे त्यांना विचारा. नसेल, तर परवाना नसलेल्या माणसाला आपले वाहन चालवू देणे हा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५ नुसार मालकाचाच अपराध आहे, आणि त्या चार-दोन फुटांत कोणाला धक्का लागला तर विमा कंपनीही हात वर करू शकते. त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न लावता ठेवण्याचा पर्याय सुचवला, तर तोही मान्य करू नका. कंपाउंडच्या आत, सपाट जागेवर, एकामागे एक गाड्या लावताना सभासद आपसांत ही सोय करतात आणि पोलीसही त्यात पडत नाहीत, कारण आतली जागा सार्वजनिक नाही. रस्त्यावर मात्र चालक आत नसताना इंजिन बंद करून ब्रेक लावणे, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी तजवीज करणे, कलम १२६ ने बंधनकारक केले आहे.

हे सभासद हट्टी असतीलच असे नाही. बहुधा स्टिल्टमध्ये त्यांना जागा मिळालेली नाही, आणि रात्री साडेदहाला कामावरून परतल्यावर दादरमध्ये मोकळी जागा शोधत फिरणे काय असते, हे मी जाणतो. त्यांच्याशी गेटविषयी बोलण्याआधी स्टिल्टविषयी बोला. सात जागा कोणाकडे आहेत, त्यांतली एखादी कोणी गाडी विकल्यावरही अडवून ठेवली आहे का, आणि वाटप सर्वसाधारण सभेत झाले आहे की ‘आधीपासून असेच आहे’ या तत्त्वावर चालले आहे, हे तपासा. कोणी आपली जागा बिल्डरकडून विकत घेतल्याचा दावा केला, तर दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेला निर्णय त्यांना दाखवा. स्टिल्टमधील वाहनजागा हा सामाईक भाग असून बिल्डर ती स्वतंत्रपणे विकू शकत नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील, तर सभेत ठराव करून दरवर्षी चिठ्ठ्या टाकाव्यात. यंदा ज्यांच्या नावाची चिठ्ठी निघणार नाही, त्यांना पुढच्या वर्षाची आशा राहते, आणि आशा असलेला माणूस गेट अडवत नाही, असा माझा अनुभव आहे.

मंगल कार्यालयाशी भांडण्यात अर्थ नाही. लग्नाला येणारी माणसे दरवेळी नवी असतात आणि आज समजावलेला पाहुणा उद्या येणार नसतो. बोलायचे ते व्यवस्थापकांशी, आणि तेही लग्नाच्या दिवशी नव्हे. डायलिसिसचे वार आपल्याला ठाऊक आहेत. मुहूर्त पंचांगात आहेत आणि कोणत्या दिवशी हॉल गेला आहे हे त्यांच्या वहीत आहे. दर महिन्याच्या सुरुवातीला एक कागद करून दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहिल्या, तर नेमक्या कोणत्या सकाळी पंचाईत होणार हे आधीच कळेल. त्या सकाळी त्यांनी आपला एक माणूस तुमच्या गेटपाशी उभा करावा, एवढी मागणी कोणताही शहाणा व्यवस्थापक मान्य करील. निमंत्रितांना कोहिनूर स्क्वेअर इमारतीतील सार्वजनिक वाहनतळाचा पर्याय आधीच सुचवायलाही त्यांना सांगा. गाडी लागलीच, तर हॉलमध्ये माइक असतो. सनई थांबवून ‘एमएच शून्य एक’ पासून पूर्ण क्रमांक पुकारला की मालक पाच मिनिटांत येतो, कारण फोन सायलेंटवर ठेवता येतो, पण शंभर पाहुण्यांच्या माना आपल्याकडे वळल्यावर बसून राहता येत नाही. पुकारणाऱ्याने ‘कृपया’ म्हणावे आणि अक्षता पडेपर्यंत शक्यतो थांबावे. रुग्ण खोळंबला असेल तर मात्र थांबू नये.

या बाबतीत मीही निर्दोष नाही, हे सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी पार्ल्यात ‘दोनच मिनिटे’ म्हणून एका बंद दिसणाऱ्या गेटसमोर गाडी लावून मी औषधाच्या दुकानात गेलो होतो. काचेवर माझा मोबाइल क्रमांक लिहिलेला होता आणि मोबाइल गाडीतच राहिला होता. परत आलो तेव्हा एक वयस्कर गृहस्थ गेटपाशी उभे होते. ते रागावले नाहीत. ‘फोन आतच वाजत होता,’ एवढेच म्हणाले. तेव्हापासून क्रमांक लिहिणे म्हणजे परवानगी मिळवणे, असा माझा समज राहिलेला नाही.

हवा सोडलेल्या गाडीच्या मालकाविषयी थोडे. त्यांनी तक्रार केली नसेल, तर त्यांना आपणच फोन करा. चाके भरून घेण्याचा आणि काही नुकसान झाले असेल तर त्याचा खर्च संस्थेने देऊ करावा, झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त करावी आणि त्याच संभाषणात त्या सकाळी आपल्या घरी काय चालले होते तेही सांगावे. वॉचमनच्या पगारातून पैसे कापू नका. पाटीवर जे लिहिले होते तेच त्याने केले. संस्थेने पाटी लावलीच नसती, तर बहुधा त्याला ते सुचलेही नसते.

नवी पाटी अशी असावी: ‘या गेटमधून रुग्णाची ने-आण होते. कृपया गेटसमोर वाहन उभे करू नये. वाहन आढळल्यास वाहतूक पोलिसांना कळवण्यात येईल.’ त्याखाली वॉचमन केबिनचा फोन क्रमांक द्यावा, आणि तो फोन रात्रीही कोणीतरी उचलेल अशी व्यवस्था करावी.